‘भोकं पाडलेली रील म्हणजे भंगार’ : गळकरी साहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गळकरी साहेब,

तुमची प्रतिक्रिया जशी आली तशीच ठेवली आहे. स्पर्धेच्या कास्टिंगसाठी, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन फेकण्यासाठी, फेरफार केलेल्या मासेमारीच्या जुन्या रील्स (दोरा गुंडाळायची यंत्रं) का जपाव्यात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “भोकं पाडलेली रील म्हणजे भंगार. मूळ भागाला हात लागला की ती संग्रहातून बाद. गावाकडच्यांनी तळ्यावर गरी टाकावी, अमेरिकन रीलचं शास्त्र शिकवू नये.” पुढे तीन तक्रारी आहेत. फोटोत मोजपट्टी नाही, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा पांढरट मिश्रधातू) आणि पितळावरचा निकेलचा मुलामा कसा ओळखायचा ते सांगितलेलं नाही, आणि किमती दिलेल्या नाहीत.

मोजपट्टीचं म्हणणं रास्त आहे. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीच्या, कडेचा व्यास फोटोवरून कळायलाच हवा. यापुढे प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी असेल.

आता तुमच्या सुराबद्दल. मतभेद मला चालतात, त्यासाठीच प्रतिक्रियांची जागा उघडी ठेवली आहे. पण “गावाकडच्यांनी गरी टाकावी” हे मत नव्हे, हे हाकलणं आहे. शिवाय त्यात दोघांचा अपमान आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ढिवर बांधव जे काम करतात ते खालच्या दर्जाचं आहे, असं तुम्ही गृहीत धरलंत. आणि ज्ञान फक्त शहरातल्या काचेच्या कपाटात असतं, हेही गृहीत धरलंत. मी घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर हात घडवलेला माणूस आहे. डोळ्याला भिंग लावून पिव्हट, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची बारीक टोकं, पाहणं हे माझं रोजचं काम होतं, आणि रील मी त्याच डोळ्याने पाहतो. तुम्हाला शहराचा दाखला हवा असेल तर ऐका. ज्या रीलपासून हा सगळा प्रकार सुरू झाला, ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर यांनी केंटकीतल्या पॅरिस नावाच्या लहानशा गावात बनवली. स्नायडर घड्याळजी होते. त्यांच्यानंतर केंटकीतल्याच फ्रँकफर्टला रील बनवणारे मीक बंधूसुद्धा घड्याळजीच. ही वस्तूच गावातल्या घड्याळजीच्या बाकावर जन्मली आहे, साहेब. तिच्याबद्दल बोलायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

आता ‘भंगार’.

शिकागोच्या १८९३च्या जागतिक प्रदर्शनात कास्टिंगच्या खुल्या स्पर्धा झाल्या. १९०६ साली अमेरिकेतल्या क्लबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. या स्पर्धेत मासा नसतो. बिनगळाचा प्लग (दोऱ्याच्या टोकाला बांधलेलं छोटं वजन) लक्ष्यावर टाकायचा किंवा लांब फेकायचा, एवढंच. पुढे रूढ झालेली प्लगची वजनं म्हणजे ५/८ औंस, साधारण १७.७ ग्रॅम, आणि ३/८ औंस, साधारण १०.६ ग्रॅम. अचूकतेच्या फेरीत ३० इंची चकत्या असतात, ४० ते ८० फुटांच्या दरम्यान मांडलेल्या. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांधीत सायकलचं २८ इंची टायर टाकून २४ मीटरवरून प्रयत्न करून पाहा. म्हणजे दुकानातली रील तशीच घेऊन स्पर्धेत का उतरता येत नव्हतं ते हातालाच कळेल.

कारण साधं आहे. प्लग सेकंदाला २० मीटर वेगाने सुटला आणि स्पूलवर दोऱ्याचा व्यास ३० मिमी असला, तर स्पूलला सेकंदाला सुमारे २१२ फेरे घ्यावे लागतात, मिनिटाला साडेबारा हजारांच्या वर. हा वेग त्याला एका झटक्यात गाठायचा असतो, तोही दहा ग्रॅमच्या प्लगच्या ओढीवर. प्लग हवेत मंदावतो तेव्हा स्पूललाही तितकंच मंदावं लागतं. नाही मंदावला तर दोरा सुटण्यापेक्षा जास्त वेगाने उलगडतो आणि रीलमध्ये दोऱ्याचं घरटं, म्हणजे गुंता, तयार होतो. स्पूलचं जडत्व जितकं जास्त, तितका सुरुवातीला प्लग अडतो आणि शेवटी अंगठ्यावर भार येतो.

जडत्वात वजनापेक्षा अंतराचा हिशेब मोठा असतो, कारण अंतराचा वर्ग होतो. आकडे घ्या. स्पूलच्या दोन्ही कडांना सहा-सहा छिद्रं, प्रत्येक ५ मिमीचं, पत्रा १ मिमी जाडीचा पितळी. बारा छिद्रांतून जेमतेम २ ग्रॅम धातू निघतो. पण तो मध्यापासून १६ मिमीवरून निघाला, तर दांड्याजवळ ४ मिमीवरून तेवढाच धातू काढण्याच्या १६ पट फायदा होतो. म्हणून छिद्रं कडेलाच असतात. ज्याने ती पाडली त्याला हे ठाऊक होतं. हौसेखातर कोणी ड्रिल चालवलेलं नाही.

छिद्रांशिवायही बरंच काही केलं जायचं. दांड्याभोवती बुचाचा गाभा चिकटवायचे. त्याने दोऱ्याचा सुरुवातीचा व्यास वाढतो, वजन मात्र जवळपास वाढत नाही. व्यास २० मिमी असता तर त्याच वेगाला २१२ऐवजी ३१८ फेरे लागले असते, यावरून गाभ्याचं महत्त्व कळेल. फ्रीस्पूल (फेकताना गिअर सुटून स्पूल एकटाच फिरण्याची सोय) नसलेल्या ४:१ रीलमध्ये, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे चार फेरे होतात अशा रीलमध्ये, फेकताना हँडलही उलटं फिरतं, वरच्या हिशेबात सेकंदाला ५३ फेरे. म्हणून हँडल आखूड करायचे, जड मुठी बदलून हलक्या लावायचे, किंवा पिनियन (स्पूलच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) सरकवून गिअर सोडवण्याची सोय करायचे. दोरा सारखा पसरवणारी लेव्हलवाइंडची आटी आणि तिचा कुत्रा (आटीत अडकून सरकणारी खीळ) काढून टाकायचे, कारण फेकताना तीही ओढत बसते. क्लिकची, म्हणजे कटकट आवाज करणाऱ्या अडसराची, स्प्रिंग जायची. पिव्हट ज्यात फिरतो त्या पितळी बुशच्या जागी अकीकाचे खडे यायचे.

शंकरपटावरचा छकडा पाहून “या बंडीच्या बाजू कोणी तोडल्या” असं कोणी विचारत नाही. पटासाठी बांधलेली गाडी पटाच्याच नजरेने पाहायची असते.

‘भंगार’ या शब्दामागे काय असावं याचा मला अंदाज आहे. बरेच जण रील हातात घेतात, टिचकी मारून स्पूल फिरवतात आणि सेकंद मोजतात. जास्त वेळ फिरली तर चांगली, असा समज. जड स्पूल जास्त वेळ फिरतोच, त्यात नवल नाही. भोकं पाडलेला स्पूल लवकर थांबतो, आणि त्याला थांबता यावं म्हणूनच तर हा खटाटोप केलेला असतो. या चाचणीने तुम्ही चांगल्या रील्स नाकारत आला असाल तर दोष रीलचा नाही.

खरी चाचणी अशी. दोरा पूर्ण काढा. स्पूल बाहेर काढून सोनाराच्या काट्यावर वजन करा. मग दोन समांतर सुरीपात्यांवर त्याचे पिव्हट टेकवून ठेवा. दर वेळी एकच बाजू खाली येत असेल तर तोल बिघडलेला आहे, मग भोकं कितीही देखणी असोत. तोल ठीक असेल तर भिंगाने छिद्रांच्या आत पाहा. त्या काळचं चांगलं काम असेल तर दोन्ही बाजूंच्या कडा मारलेल्या असतात, बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) राहिलेला नसतो, छिद्रांमधलं अंतर सारखं असतं आणि आतली भिंत कडेइतकीच काळवंडलेली असते. अलीकडे हाताच्या ड्रिलने केलेल्या उद्योगात आतली भिंत चकचकीत दिसते, ड्रिल थरथरल्याचे कोनेरी ओरखडे दिसतात, एखादं छिद्र बाहेरच्या काठाला जाऊन भिडलेलं असतं. अशा रीलला मीही हात लावत नाही. दोन्हींना एकाच शब्दात मोडीत काढणं हा आळस आहे, आणि माझी चीड त्याचीच आहे.

आणखी खुणा आहेत. लेव्हलवाइंड काढलेल्या रीलच्या पुढच्या भागात आटीची रिकामी जागा उरते. चांगल्या कारागिराने तिथे धातूचा तुकडा बसवून बाकीच्या खांबांसारखा घासलेला असतो. नंतर फ्रीस्पूल केलेल्या रीलमध्ये पिनियनचे दात कधी कधी अर्ध्याच रुंदीत झिजलेले दिसतात. जुना बुचाचा गाभा चपड्याने बसवलेला असतो, तपकिरी आणि ठिसूळ. त्याच्या कडेला पारदर्शक चकाकणारा गोंद दिसला तर तो आजचा. पिव्हटचं टोक आरशासारखं आणि किंचित गोलसर असलं तर काम जाणकाराचं.

“मूळ भागाला हात लागला की बाद” या नियमाचा परिणाम काय होतो तेही सांगतो, कारण त्याचे बळी माझ्या टेबलावर येतात. असं कुठेतरी वाचून लोक रील ‘मूळ रूपात’ आणायला निघतात. भोकं झाळून बुजवतात. त्या उष्णतेने पातळ कड मऊ पडते आणि वाकते, झाळण प्रत्येक भोकात कमी-जास्त बसतं, तोल कायमचा जातो. कोणी पितळकाम म्हणून भंडाऱ्याच्या कासाराकडे बफ मारायला देतात. कासार भांडी उत्तम उजळतात, पण बफाने रीलच्या कडेची नक्षी गुळगुळीत होते, ठसा पुसला जातो आणि बफाचा साबण बुशमध्ये शिरून पिव्हट खात राहतो. चिंच-मीठ तर लावूच नका. मुलाम्याच्या फटीत राहिलेलं आम्ल आणि मीठ आतलं पितळ हिरवं करत राहतं. अमोनिया असलेलं पॉलिशही नको. ताण असलेल्या पातळ पितळी पत्र्याला त्याने तडे जातात.

वापरायची असेल तर नायलॉनचा एकेरी दोरा ओढून भरू नका. ताणलेला नायलॉन स्पूलवर आकसतो, शेकडो वेढ्यांचा दाब साचतो आणि भोकांनी हलकी झालेली कड बाहेर फाकते, बुचाचा गाभा चिरडतो. या रील्स विणलेल्या रेशमी दोऱ्यासाठी होत्या. आपल्याकडचा आंधळगाव-मोहाडीचा कोसा वापरू का, असं काहींनी विचारलं होतं. नको. त्याची जाडी सारखी नसते, अंगठ्याखाली तो अडखळतो. विणलेला बारीक दोरा सैल हाताने भरा.

धातूचे भाग रॉकेलने धुवा, पण एबोनाइटच्या (कडक काळ्या रबराच्या) बाजूपट्ट्यांना रॉकेल किंवा पेट्रोल लागू देऊ नका, त्या फुगतात. गरम पाणीही नको, काळा रंग तपकिरी पडतो. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या एबोनाइटच्या पट्ट्या वाकतात आणि मग स्पूल कडेला घासतो. पक्क्या छताच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, सुती कापडात ठेवा. चामड्याच्या पिशवीत ठेवलीत तर पावसाळ्यात पितळावर हिरवं येतं. तेल शिलाई मशीनचं चालतं, सुईच्या टोकाने प्रत्येक पिव्हटला एक थेंब. जास्त तेल म्हणजे ब्रेक. थंडीत सकाळी ते घट्ट होतं तेव्हा हे लगेच जाणवतं.

केंटकीच्या जुन्या रील्सचे स्क्रू क्रमांकाचे असतात आणि ज्या त्या भोकातच बसतात. उघडताना कागदावर रीलचा आकार काढून त्यात स्क्रू टोचून ठेवा. हरवला तर नागपूरच्या बाजारातला मेट्रिक स्क्रू दाबून बसवू नका, आटे जातात. लेथवाल्याकडून जुन्या आट्याचा नवीन बनवून घ्या. मायसेलबाख या अमेरिकन कंपनीच्या ट्रायपार्ट नावाच्या रीलला मात्र उघडायला हत्यार लागत नाही, ती हातानेच फिरवून तीन भागांत सुटते. शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी.

राहिल्या दोन तक्रारी. मुलामा ओळखायचा तर रीलच्या पायाचा झिजलेला काठ पाहा. पिवळं पितळ दिसलं तर मुलामा, आतपर्यंत एकच फिकट रंग असेल तर जर्मन सिल्व्हर. एवढ्यासाठी वेगळा लेख लागत नाही. किमती मी देत नाही आणि देणार नाही.

तुमच्याकडे अशी एखादी रील असेल आणि ती ‘बाद’ म्हणून पडून असेल, तर तिचे तीन फोटो पाठवा : छिद्राची आतली भिंत, पिव्हटचं टोक आणि पिनियनचे दात, मोजपट्टीसकट. काम जुनं आहे की आजचं ते मी सांगेन. मुद्द्यावर कितीही कडक लिहा, प्रत्येक ओळीला उत्तर मिळेल. पण गावाकडच्या माणसांबद्दल पुन्हा असं लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.