आमच्या घरी डच राष्ट्रगीत

आमच्या घरात डच राष्ट्रगीत सगळ्यांना पाठ आहे. शब्द नाही, चाल. तसा नेदरलँड्सशी आमचा सात पिढ्यांचा काही संबंध नाही, घरात कोणाचा पासपोर्टसुद्धा धड चालू नाहीये. पण तिसरीतली मुलगी गृहपाठ करताना ते गुणगुणते, आई वाती वळताना तालात मान हलवते, आणि बायको, जिला फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो कळत नाही, ती स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "झालं का रे ते गाणं? पानं घेऊ?"

ही सगळी 2023 ची कमाई. युरोपातली रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, आठ-सव्वाआठला संपते, मग पोडियम, म्हणजे पहिले तिघं बक्षीस घ्यायला उभे राहतात ते, मग विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत आणि पाठोपाठ टीमच्या देशाचं. त्या वर्षी 22 रेस झाल्या. त्यातल्या 21 रेड बुल टीमने जिंकल्या, आणि त्या 21 पैकी 19 एकट्या मॅक्स व्हर्स्टॅपेनने. म्हणजे डच गीत, मग ऑस्ट्रियन गीत, मग आमच्याकडे वरण-भात. एवढं वेळेवर आमच्याकडे नळाला पाणीही येत नाही.

आता कोणी म्हणेल की बाबा एवढं कंटाळवाणं आहे तर बघतोस कशाला. हा प्रश्न मला दर रविवारी घरातले तीन वेगवेगळ्या वयाचे लोक विचारतात. आईचा तर मुद्दा बिनतोड असतो. तिची सिरीयल नऊ वर्षं चालू आहे, त्यात नायिका दोनदा मेली, एकदा तिची जुळी बहीण निघाली, सासूची स्मृती गेली आणि आली, आणि माझ्याकडे काय तर तोच निळा डबा पहिला. "तुझ्या त्या मुलाला कधी काही होत नाही का रे?" असं ती काळजीने नाही, अपेक्षेने विचारते. बायकोने एकदा तर सरळ विचारलं, हे मागच्या रविवारचंच परत दाखवतायत का. आणि खरं सांगतो, मी दोन सेकंद स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं, कुठली रेस आहे ते.

बरं, हे मला नवीन नाही. वीस-बावीस वर्षं मी हा संसार करतोय, आणि माझं आयुष्य मी राष्ट्रगीतांवरून मोजू शकतो. कॉलेजात होतो तेव्हा जर्मन आणि मग इटालियन, म्हणजे शूमाकर आणि फेरारी. नोकरीला लागलो, लग्न ठरलं, तेव्हा जर्मन आणि मग ऑस्ट्रियन, म्हणजे वेटल आणि रेड बुल. मुलगी झाली, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले, ते सगळं ब्रिटिश आणि मग जर्मन, हॅमिल्टन आणि मर्सिडीज. केस गेले ते डच-ऑस्ट्रियनमध्ये. मधेमधे एखादं वर्ष चांगलं येतं, नाही असं नाही, 2024 ला तर सात जणांनी किमान दोन-दोन रेस जिंकल्या. पण त्याचं काय असतं, पावसाळ्यात एखादा दिवस ऊन पडलं म्हणून कोणी छत्री टाकून देत नाही.

2002 मला अजून आठवतं. मी हाकिनेन ह्या ड्रायव्हरचा माणूस, आणि तो 2001 च्या शेवटी थांबला, म्हणजे माझी आधीच पंचाईत. त्या वर्षी 17 पैकी 15 रेस फेरारीने घेतल्या, त्यातल्या 11 शूमाकरने, उरलेल्या 4 त्याच्याच टीममधल्या बॅरिकेलोने. म्हटलं दोन तरी बाहेरच्यांनी जिंकल्या, तर त्यातली एक मोनॅकोची कूल्टहार्डने आणि दुसरी मलेशियाची राल्फ शूमाकरने. सख्खा भाऊ! घरातल्या घरात. चॅम्पियनशिपचा निकाल जुलैमध्ये लागला, अजून सहा रेस शिल्लक. ऑस्ट्रियात तर बॅरिकेलो जिंकत होता त्याला फिनिश लाईनच्या तोंडावर बाजूला व्हायला लावलं, पब्लिकने शिट्या आणि हुर्यो केली, मग शूमाकरने ओशाळून त्याला पोडियमच्या वरच्या पायरीवर ढकललं, आणि पोडियमवरचा शिष्टाचार मोडला म्हणून दहा लाख डॉलर दंड झाला. दंड जागा बदलल्याचा, रेस बदलल्याचा नाही. मी तेव्हा केबलवाल्याला एक महिन्याचे पैसे दिले नव्हते, तेवढाच काय तो निषेध.

पण सगळ्यात मोठा मूर्खपणा 2012 चा. भारतात रेस होतेय म्हटल्यावर राहवेना. पुण्याहून झेलमने दिल्ली, एक अख्खा दिवस आणि वर काही तास, तिथून ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किट. तिकीट किती रुपयांचं होतं ते बायकोला अजून माहीत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. स्टँडमध्ये बसलो. कानात बोळे होते तरी तो व्ही-एट इंजिनचा आवाज बरगड्यांमधून आत शिरतो, ते मात्र मान्य, अंगावर काटा आला, डोळ्यात पाणीसुद्धा. हे पहिल्या लॅपला. मग वेटल पहिला गेला. मग दुसऱ्या लॅपला वेटल पहिला गेला. रेस 60 लॅपची होती आणि साठच्या साठ लॅप तो पुढे होता. माझ्या शेजारी मेरठहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनी विसाव्या लॅपला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढली, तिसाव्याला ते झोपले, आणि पन्नासाव्याला त्यातल्या काकांनी उठून मला विचारलं, "कौन आगे है?" मी म्हटलं वही. ते म्हणाले अच्छा, आणि परत आडवे झाले.

भारतात एकूण तीन रेस झाल्या, 2011, 12 आणि 13. तिन्ही वेटलने जिंकल्या. मग ती रेसच गेली, आणि त्यात एक भांडण असं होतं की उत्तर प्रदेश सरकार ह्याला खेळ मानायला तयार नव्हतं, त्यांचं म्हणणं ही करमणूक आहे, करमणूक कर भरा. मी सरकारच्या बाजूने सहसा बोलत नाही आणि इथेही बोलणार नाही. माझ्याएवढा पुरावा कोणाकडे आहे? मला साक्षीला बोलवायला हवं होतं, मी शपथेवर सांगितलं असतं की साहेब, करमणूक झालेली नाही.

नियमवाल्यांना हे कळत नाही असं नाही हं. दर दोन-चार वर्षांनी ते काहीतरी करतात. 2014 ला शेवटच्या रेसला डबल पॉइंट्स दिले, एका वर्षात बंद. 2016 ला क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरावरून सुटणार ते आधी ठरतं त्यात, दर दीड मिनिटाला एकाला बाहेर काढायची टूम काढली, दोन रेसमध्ये बंद. मग 2022 ला म्हणाले आता गाडीच नवीन, सगळं हवेचं गणित नवीन. कारण पुढच्या गाडीमागची हवा इतकी विस्कटलेली असते की मागच्याची पकड सुटते, वळणावर जवळच जाता येत नाही. आपण घाटात एसटीच्या मागे स्कूटर घेऊन अडकतो तसं, फक्त इथे धुराच्या जागी हवा. शिवाय खर्चाला मर्यादा, शिवाय जो पहिला येईल त्याला विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून तिची हवा तपासतात त्या बोगद्यात, सगळ्यात कमी वेळ. आपल्याकडे पहिल्या आलेल्या मुलाला क्लासला जायची बंदी करण्यातला प्रकार. रेड बुलने तर 2021 ला खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून 70 लाख डॉलर दंड झाला आणि विंड टनेलचा वेळ आणखी 10 टक्के कापला. त्यानंतर 22 पैकी 21. मला वाटतं अजून थोडी शिक्षा केली असती तर बावीसच्या बावीस आल्या असत्या.

तर मग माणूस जगतो कसा? 2023 ला आम्ही सहा जणांनी वडापाव लीग काढली होती. रेसच्या आधी ग्रुपवर विजेत्याचं नाव टाकायचं, चुकेल त्याने सोमवारी बरोबर आलेल्यांना वडापाव चारायचा. पहिल्या रेसला सगळ्यांनी मॅक्स लिहिलं, फक्त एकाने पेरेझ, म्हणजे मॅक्सच्याच टीममधला दुसरा ड्रायव्हर, आणि त्या एकाने मुकाट्याने पाच वडापाव आणले. दुसऱ्या रेसला त्याने परत पेरेझ लिहिलं आणि पेरेझ जिंकला! चौथ्या रेसला, बाकूला, परत! चार पैकी दोन. त्या माणसाचा तोरा काय विचारता, आम्हाला गाड्यांची लय समजावून सांगायला लागला. त्याचं नाव तेव्हापासून पेरेझकाका. त्यानंतर पेरेझ त्या वर्षी एकही रेस जिंकला नाही, आणि पेरेझकाका इरेला पेटून दर वेळी त्याचंच नाव लिहीत राहिले. दर सोमवारी पाच वडापाव, चटणी जास्त. जूनपर्यंत आमचाच जीव कळवळला, कारण एकतर माणूस लोनवर जगतोय आणि दुसरं म्हणजे आमचं कोलेस्टेरॉल.

म्हणून आम्हीही नियम बदलले. आता विजेता नाही लिहायचा, दुसरा कोण ते लिहायचं, आणि किती सेकंदांनी मागे. हंगेरीला कोणी वीस लिहिलं, कोणी पंचवीस, उत्तर आलं 33. त्या रेसमध्ये अनपेक्षित अशी एकच गोष्ट घडली, ती पोडियमवर. लँडो नॉरिसने उत्साहात शॅम्पेनची बाटली आपटली आणि मॅक्सची चिनी मातीची हातरंगाची ट्रॉफी खाली पडून फुटली. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा सगळे एकदम टीव्हीसमोर जमले. आईने विचारलं, "ह्याचे मार्क कोणाला?"

आता जे सांगायचंय ते सप्टेंबरचं. रविवार 17 सप्टेंबर 2023, सिंगापूर, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. आणि मंगळवारी गणपती.

शनिवारी क्वालिफायिंग बघितलं होतं मी. मॅक्स अकरावा. पेरेझ तेरावा. मॅक्सला तर टॉप टेनच्या बाहेर घालवलं ते त्यांच्याच धाकट्या टीममधल्या नवख्या लॉसनने. पहिला कार्लोस साइंझ, फेरारी. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो, हे कबूल. पण मग बसलो. कारण अनुभव नावाची एक वाईट वस्तू असते. मागच्या वर्षी बेल्जियममधल्या स्पाला मॅक्स चौदावा निघाला होता आणि अर्धी रेस व्हायच्या आत पुढे होता. ह्याच वर्षी मायामीला नववा निघाला, रात्री एकपासून जागा राहून बघितलं मी, जिंकलाच. तेव्हा बायकोने रविवारी दुपारी विचारलं की मखराचं आणि लायटिंगचं सामान राहिलंय, तुझी ती रेस महत्त्वाची आहे का, तेव्हा मी, ह्याच तोंडाने, म्हणालो, "छे गं, काय व्हायचंय. मॅक्सच येणार." आणि वर मोठेपणा घेतला की बघ, घरासाठी रेस सोडली.

गणपतीच्या आदल्या रविवारी संध्याकाळी रविवार पेठेत जो गेलाय त्याला पुढचं सांगायला नको. गाडी लावायला जागा शोधत मी चार चकरा मारल्या, म्हणजे लॅपच, आणि मला कोणीही ओव्हरटेक करू शकलं नसतं कारण पुढे टेम्पो आणि मागे ढोलवाले. बायको पिवळ्या फुलांची माळ उजेडात धरून बघत होती की हा पिवळा आहे की केशरी, मी एका हातात पुठ्ठ्याचं घडीचं मखर, दुसऱ्या हातात एलईडीच्या माळा, खिशात फोन थरथरतोय आणि काढता येत नाहीये. थरथर थांबेना. मला वाटलं आईला काही झालं. मखर बायकोच्या डोक्यावरून पलीकडे दुकानदाराकडे दिलं आणि फोन काढला.

मुलगी. तिला आणि आईला मी रेस लावून देऊन आलो होतो, सवयीने, समई लावतात तशी.

"बाबा," ती म्हणाली, "आज दुसरंच गाणं लागलं."

मला काही कळेना. म्हटलं दुसरं म्हणजे कुठलं. ती म्हणाली माहीत नाही, त्याला शब्दच नाहीयेत, आणि कोणीतरी लाल कपड्यातला काका आहे, आणि आजी टाळ्या वाजवतेय. मागून आईचा आवाज, "अरे शेवटी शेवटी काय झालं सांगू, तो एक हुशार मुलगा मुद्दाम हळू चालवत होता म्हणे, मागच्याला मदत व्हावी म्हणून, आणि तिसरा भिंतीवर आपटला!" तर साइंझने नॉरिसला मुद्दाम एका सेकंदाच्या आत ठेवलं होतं, म्हणजे नॉरिसला डीआरएस, मागच्या पंखाची फट उघडून मिळतो तो जास्तीचा वेग, मिळेल आणि तो मागून नव्या टायरवर येणाऱ्या दोन मर्सिडीजना अडवेल. शेवटच्या लॅपला त्यातला एक, रसेल, भिंतीला लागला. साइंझ पाऊण-एक सेकंदाने पहिला. मॅक्स पाचवा. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघतोय ते सगळं माझ्या आईने बघितलं, जिला डीआरएस म्हणजे फक्त क्रिकेटमधलं अपील माहिती आहे. आणि तिने मला समजावून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं.

ग्रुपवर 143 मेसेज. सहाच्या सहा जण हरले होते. पेरेझकाकांनी तर काहीच लिहिलं नव्हतं, नुसता हात जोडल्याचा इमोजी.

"केशरीच आहे हा," बायको म्हणाली. "काय रे, चेहरा का असा? जिंकला ना तुझा तो?"

रात्री मी रेस परत लावली, निकाल माहीत असताना. आई शेजारी येऊन बसली आणि दर पाच मिनिटांनी म्हणाली, "थांब, आता बघ हं."

पुढच्या रविवारी जपान, सकाळी साडेदहा. आदल्याच दिवशी पाच दिवसांच्या बाप्पांचं विसर्जन झालं होतं, घर कसं रिकामं रिकामं वाटत होतं. मी आंघोळ करून, फोन बंद करून, दाराला आतून कडी घालून बसलो. मॅक्स पहिला निघाला, 19 सेकंदांनी पहिला आला. पोडियमवर तिघं उभे राहिले, झेंडे वर गेले, आणि पहिला सूर लागायच्या आत मुलगी सोफ्यावर सावधान उभी राहून सुरू झाली.

"पानं घेऊ?" आतून आवाज आला.