गोठलेल्या जमिनीत शेण मुरत नाही, वाहून जातं

‘अमेरिका-युरोपात शेणखतावर बंदी! स्वतःच्या शेतात शेण टाकलं तर तुरुंग. युरियाला मात्र मोकळं रान. पूर्वापार तिथले शेतकरी हिवाळ्यात बर्फावर शेण पसरायचे, बर्फ वितळला की ते हळूहळू मुरायचं. आता तेही बंद, कारण खतकंपन्यांना गाय नकोय. पुढचा नंबर आपला.’

हा मेसेज परवा मामाने पाठवला आणि खाली विचारलं, ‘आपलंही शेणखत बंद करणार का रे?’ मामाचं निम्मं रान म्हशींच्या शेणावर पिकतं. माणूस खरोखर धास्तावलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बंदी शेणखतावर नाहीच. ती वर्षातल्या ठरावीक काळापुरती आणि ठरावीक अवस्थेतल्या जमिनीपुरती आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १५ डिसेंबर ते १ एप्रिल, मेन राज्यात १ डिसेंबर ते १५ मार्च. युरोपीय संघाचा १९९१ चा नायट्रेट निर्देश, म्हणजे शेतातलं नायट्रेट पाण्यात उतरू नये म्हणून केलेला नियम, तर प्रदूषणाचा धोका असलेल्या भागांतही हेक्टरी वर्षाला १७० किलोपर्यंत नायट्रोजन शेणखतातून देऊ देतो. शेण विष ठरवलं असतं तर ही मुभा कशाला ठेवली असती? तुरुंगाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्याच ओहायो राज्याच्या कायद्यात (त्याबद्दल पुढे) दंड आहे.

खरा संताप येतो तो बर्फात शेण मुरण्याच्या गोष्टीचा, कारण ती ऐकायला पटते. जमीन गोठते म्हणजे मातीच्या पोकळ्यांतल्या पाण्याचाच बर्फ होतो. पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. थंडी सरताना वरचा बर्फ आधी वितळतो, खालची माती तशीच टणक असते. ते पाणी उताराने चरात, चरातून ओढ्यात जातं आणि वर पडलेलं शेण सोबत नेतं. त्यात तिथल्या मोठ्या गोठ्यांतलं शेण म्हणजे आपल्या उकिरड्यातलं कुजलेलं खत नव्हे. शेण, मूत्र आणि गोठा धुतलेलं पाणी मिळून झालेली पातळ स्लरी टँकरने शेतात सोडतात. नायट्रोजन उचलायला शेतात वाढतं पीक नाही, कुजवणारे जिवाणू थंडीने सुस्त. शेतकऱ्याचं खत गेलं आणि खालच्या गावाचं पाणी नासलं, एवढंच हाती येतं.

पाणी नासलं तर काय होतं, ते ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहराने पाहिलं. ईरी सरोवरात शेतांतून आलेल्या फॉस्फरसवर नील-हरित शेवाळ माजलं, त्याचं विष नळाच्या पाण्यात उतरलं. सुमारे पाच लाख लोकांना सांगावं लागलं की पाणी पिऊ नका, उकळूनही नको. उकळल्याने ते विष जात नाही, उलट दाट होतं.

त्यानंतर, २०१५ मध्ये, ओहायोने सरोवराच्या पश्चिम खोऱ्यासाठी कायदा केला. ‘युरियाला मोकळं रान’ म्हणणाऱ्यांनी तो वाचावाच. गोठलेल्या, बर्फाच्छादित किंवा वरचे दोन इंच पाण्याने भरलेल्या जमिनीवर शेणखत पसरायचं नाही, आणि रासायनिक नायट्रोजन-फॉस्फरसही नाही. दोन्ही एकाच कायद्यात! शेण जमिनीच्या आत सोडलं, २४ तासांत मातीत मिसळलं किंवा उभ्या पिकात दिलं तर चालतं. हा गायीविरुद्धचा कट असता तर या सवलती कुणी दिल्या असत्या?

‘पुढचा नंबर आपला’ यावर मामाला एवढंच सांगितलं, तुझी जमीन गोठत नाही. पेरणीआधी पसरून कुळवाने मिसळतोस, तसंच चालू ठेव.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. छोट्या गोठेवाल्याला हे नियम जड जातात. साडेतीन महिन्यांची स्लरी साठवायची म्हणजे मोठी टाकी किंवा अस्तर केलेला खड्डा हवा, आणि त्याचा खर्च दहा-वीस गायींवर निघत नाही. तारखेला बांधलेल्या नियमाची दुसरीही अडचण आहे. बंदीच्या आदल्या आठवड्यात टँकरची घाई उडते, आणि बंदी उठली की जमीन चिखल असली तरी टाकी रिकामी करायची निकड असते. ओहायोसारखा तारखेऐवजी जमिनीची अवस्था पाहणारा नियम मला त्यामुळेच जास्त शहाणा वाटतो. साठवणीला सरकारी मदत वाढवा, ही मागणीही रास्त आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याला त्या छोट्या गोठेवाल्याची खरंच काळजी असती, तर तुरुंगाऐवजी टाकीच्या खर्चावर लिहिलं असतं.