चार माणसांचा तंबू

जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही चौघं चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाऊन आलो. दोन दिवस, एक रात्र, माणशी बाराशे रुपये. त्यातले सहाशे तंबूचे. हा तंबूच या पोस्टचा विषय आहे, तेव्हा ज्यांना धबधब्याचे फोटो बघायचे आहेत त्यांनी पुढे सरकावं. (तसंही जानेवारीत तिथल्या केदारकुंडाला धबधबा नसतो. पावसाळ्यातली रील बघून हिवाळ्यात आलेली मंडळी कोरड्या कातळासमोर उभी राहून एकमेकांची तोंडं बघतात. आम्हीही बघितली.)

झालं असं की आमच्यातल्या एकाने कुठल्यातरी डोंगरातल्या नॅशनल पार्कचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. बर्फाचे सुळके, निळं तळं, काठावर केशरी तंबू आणि तंबूच्या तोंडाशी बसून मगातून काहीतरी पिणारी बाई. खाली याचा मेसेज: ‘आपन बी करू ना भो, स्वस्तात.’ आता महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं मोजून ६. ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. खान्देशात एकही नाही. आपल्या वाट्याला अभयारण्यं आली: सातपुड्यात यावल, शिरपूरकडे अनेर, आणि दक्षिणेला चाळीसगाव-कन्नडच्या मधल्या डोंगरात गौताळा औट्रमघाट, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. यावल आधी दोनदा झालेलं, म्हणून गौताळा ठरलं, तेही पाटणादेवीच्या बाजूने. तंबू ऑनलाइन मागवला, २,४०० रुपये. खोक्यावर लिहिलेलं, चार माणसांसाठी. ही चार माणसं कुठल्या देशात मोजली कोण जाणे. मित्राच्या हॉलमध्ये तंबू उभा केला तेव्हाच कळलं होतं की तीन झोपले तर चौथ्याला उभं राहावं लागेल. पण घेतला होता ना, मग न्यायचाच.

सकाळच्या गाडीने जळगावहून चाळीसगाव, तिथून रिक्षा ठरवून १८ किलोमीटर पाटणादेवी. तीन बाजूंनी डोंगर, मधे चंडिका देवीचं देऊळ. गेटवर पावती फाडताना वनरक्षकाने पाठीवरच्या केशरी गुंडाळीकडे बोट केलं.

‘हे काय?’

‘तंबू.’

‘कशाला?’

या ‘कशाला’ला आमच्याकडे खरंच उत्तर नव्हतं. त्याने शांतपणे सांगितलं की सूर्य मावळायच्या आत बाहेर यायचं, आत मुक्काम नाही, चूल नाही, शेकोटी नाही, काडीपेटी असेल तर इथेच ठेवा. आमचा व्हिडिओवाला मित्र हुज्जत घालायला निघाला होता, त्याला बाजूला ओढलं.

इथे मला जरा बोलायचंय. हल्ली आपल्याकडे एक सूर ऐकू येतो: परदेशात जंगलात कॅम्पिंग चालतं, आपल्याकडेच काय ते नियम. तिथे चालतं ते आखून दिलेल्या जागी, आधी बुकिंग करून, खाण्याच्या वस्तूंची पेटी कुठे ठेवायची इथपर्यंतचे नियम पाळून. आपल्याला त्यातला फक्त तंबू दिसला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात जायला परवानगी लागते आणि जंगलाला धोका होईल असा जाळ करायला मनाई आहे. ती का आहे हे कळायला पुस्तक उघडायची गरज नाही, जानेवारीत तिथे दहा पावलं चालून बघा. सागाची पानं पडलेली असतात, पापडासारखी वाळलेली. पाय टाकला की सगळ्या डोंगराला कळतं कोणीतरी आलंय. अंजन, सालई, सगळं रान असं वाळलेलं. एका ठिणगीचं काम. त्यात बिबटे आहेत, अस्वलं आहेत. २०२१ मध्ये तर पार यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरकडून चालत आलेला वाघ इथे कॅमेऱ्यात सापडला. तो वाघ इतक्या लांबून काय ब्लूटूथ स्पीकर ऐकायला आला होता?

तर वनरक्षकाचं बरोबर होतं आणि आमचं चुकलं होतं. पण एवढ्यावर शहाणपण आलं नाही. कन्हेरगडाला गाइड घ्या म्हणून त्याने सुचवलं, तर आम्ही पैसे वाचवायला निघालो. बजेट ट्रिप ना! मोबाइलवरचा नकाशा बघत चढलो आणि गुरांच्या वाटेला लागलो. गुरांच्या वाटेचं असं असतं की ती कुठेच जात नाही, नुसती चरते. दोन तास बोरीच्या काट्यांतून फिरलो, एकाची पँट फाटली, नागार्जुन लेणं वरच राहिलं, आणि उतरताना भेटलेल्या म्हाताऱ्या बाबांनी, डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून, सांगितलं: ‘पोरेसहो, अंधार पडाना पहिले खाले उतरा.’ उतरलो.

खाली पाटण्याचं जुनं महेश्वराचं देऊळ आहे. तिथे मात्र मी रेंगाळलो. ज्या भास्कराचार्यांची लीलावती आपण नावाने तरी ओळखतो, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. त्याचा शिलालेख पाटण्याचाच, १२०७ सालचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. संस्कृत श्लोकांत घराण्याची थोरवी वगैरे आहेच, पण मला आवडतो तो शेवटचा, जुन्या मराठीतला भाग. त्यात मठाचा खर्च कसा भागायचा ते आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल. म्हणजे त्या काळातलं सगळ्यात पुढचं गणित या डोंगरात शिकवलं जायचं आणि त्याच्या दिव्यात गावच्या तेल्याचं पळीभर तेल जळायचं. बजेट म्हणायचं तर ते हे. आम्ही मात्र आठशे रुपये वाचवून काटे काढत बसलो होतो.

मुक्कामाला मित्राचे मामा कामी आले. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव, गावापासून अर्ध्या कोसावर वावर. विहिरीजवळ, गव्हाच्या बांधाला, आम्ही तंबू ठोकला. मामा लांबून बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त एकदा येऊन वारा कुठून येतो ते दाखवलं आणि तोंड फिरवायला लावलं.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. मामींनी कपाशीच्या काड्यांवर हिरवी लांब वांगी भाजली, आतलं पाणी सुंऽऽ करत बाहेर येईपर्यंत. मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, घालून ठेचली, भाजलेल्या मिरच्या, लसूण, वरून कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. आम्ही पाठीवर वाहून आणलेली इन्स्टंट नूडल्सची सहा पाकिटं पिशवीतून बाहेरच आली नाहीत. ती सकाळी मामांच्या नातवाने ताब्यात घेतली. त्याच्या लेखी आमच्या येण्याचं तेवढंच सार्थक.

रात्री तंबूत तिघं शिरलो, चौथा मामांच्या पडवीत पळाला. तोच शहाणा. शेजारी भिजलेला गहू, वर मोकळं आभाळ, आत तीन माणसांचा श्वास. अकराच्या सुमारास छतातून थेंब पडायला लागले. पाऊस नव्हे, आमचीच वाफ. स्वस्त तंबूला हवा जायला जागा ठेवलेली नव्हती. अंगावरची पांघरुणं ओली, थंडी अशी की दात वाजताहेत. आणि बाहेर पावलांचा आवाज. आधी वाटलं, झालं! मग टॉर्च दिसली. मामा होते.

शेतीपंपाची थ्री फेजची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. बारा वाजता येणार, म्हणून पाणी भरायला निघालेले. झोप तर उडालेलीच, मी त्यांच्याबरोबर गेलो. मोटर चालू केली. पाइपातून पहिलं पाणी आलं ते कोमट, त्यातून वाफ निघत होती. हिवाळ्यात विहिरीचं पाणी रात्री असं ऊबदार लागतं हे मला माहीत नव्हतं. दिवसभरात पायाला पहिल्यांदा बरं वाटलं. वाफा भरला की फावड्याने दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्याला लावायचं. मामांच्या एका हातात फावडं, काखेत काठी, टॉर्च तोंडात. मधूनच ती बाहेर काढून बांधावरून एकदा फिरवायची. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, डोळे.

२०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली होती, तुम्हाला आठवत असेल. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. मामा म्हणाले, ‘त्या साले रातले कोनी वावरमा गयंच नही. लाईट मातर रातनीच ये.’ मग पुन्हा दारं मोडायला वाकले.

मी गव्हात उभा राहून हिशोब करत होतो. आम्ही माणशी बाराशे रुपये मोजून जी रात्र विकत घ्यायला आलो होतो, थंडी, अंधार, जनावराची धास्ती, ती या माणसाला एक आठवडा आड फुकट मिळते आणि त्याला ती नको आहे. दिवसा लाईट द्या म्हणून शेतकऱ्यांनी किती वर्षं ओरडावं? काही ठिकाणी सौर पंपांनी सुटका केली, मामांच्या वावरात अजून नाही. आपल्याकडचं साहस पर्यटन वगैरे शब्द मला त्या वाफ्यात जरा हलके वाटले. मामांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते, म्हणून सांगितलं नाही. तीनला लाईट गेली. त्यांना अजून चार वाफे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी गाइड घेतला, विनातक्रार आठशे रुपये. तरी आमच्या व्हिडिओवाल्याने सवयीने ‘पाचशे घे ना भाऊ’ म्हणून बघितलंच. त्याला मी तिथल्या तिथे गप्प केलं. पोरगा जवळच्याच गावचा, विशीतला. गेटवर नोंद करून तो आम्हाला दरीतून पितळखोऱ्याला घेऊन गेला. कुठली ढोली मधाची, कुठे अस्वलाने उकरलंय, कुठल्या दगडावर पाय द्यायचा नाही, सगळं तोंडपाठ. कालच्या काट्यांची वाटही दाखवली: आमच्या पायवाटेपासून पन्नास पावलांवर खरी वाट होती.

पितळखोऱ्याची लेणी इसवीसनापूर्वीची, बौद्धांची, अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या काळातली. दगड ठिसूळ, बरंच पडलंय. पण चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे ती बघायला दहा डोंगर चढावेत. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, धंद्याने सोनार. आमच्यातला एकजण जळगावच्या सराफ बाजारात कामाला आहे. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘म्हणजे हॉलमार्किंग आपलंच जुनं.’

हे लेणं कन्नडच्या बाजूने पायऱ्या उतरूनही गाठता येतं, गाडी जवळपर्यंत जाते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी तिकडून यावं, त्यात कमीपणा नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून चाळीसगावात केकी मूस यांचं घर बघितलं. १९८९ साली गेलेला हा फोटोग्राफर तरुणपणी एकदा या घरात शिरला तो पुढे जवळजवळ बाहेरच पडला नाही, टेबलावर देखावे मांडून त्यांचे फोटो काढत राहिला. पाय मोडेपर्यंत चालून आल्यावर हे बघताना आम्हाला त्यांचा जरा हेवाच वाटला.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: गाडीभाडं जाऊन-येऊन माणशी साठेक रुपये, रिक्षा दोन्ही वेळची मिळून सातशे, गाइड आठशे, चहा-नाश्ता धरून माणशी दीडशे, गेटची पावती किरकोळ. मामींना पैसे दिले असते तर त्यांनी चुलीत घातले असते, म्हणून निघताना स्टँडवरून पाच किलो साखर आणि चहापत्ती पाठवली, ती आमच्यातल्या कमावत्याने भरली. ओळखीचे मामा नसतील तर पायथ्याच्या गावात विचारा, कोणीतरी पडवी देतं. पण मग जेवणाचे आणि झोपायचे पैसे घासाघीस न करता द्या.

तंबू आम्ही मामांकडेच सोडून आलो. वाळवून परत न्यायचा होता, राहिला. परवा मित्राच्या मोबाइलवर फोटो आला. पडवीत आमचा केशरी तंबू उभा आहे, चेन उघडी, आणि आत छतापर्यंत पांढरा कापूस खच्चून भरलेला. भाव नाही म्हणून यंदा विकलेला नाही आणि घरात ठेवला की पोरांना खाज सुटते. खाली मामांचा मेसेज: ‘चार मानसे मावतस नही, पन कापूस बरोब्बर मावना.’