'प्रश्न विचारून कुणाला छप्पर मिळालंय?' या प्रतिक्रियेला उत्तर

'जुळे सोलापूरकर' या नावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. नगरसेवकांनी सभागृहात घरं, बेघर आणि नागरी सेवांबद्दल प्रश्न कसे विचारावेत, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतरांच्या सोयीसाठी तिचा सारांश देतो. प्रश्न विचारून आजवर एकाही माणसाच्या डोक्यावर छप्पर आलेलं नाही. रे नगर या सोलापूरजवळच्या कामगार वसाहतीतली घरं मोर्चे काढून मिळाली. जवळपास चार वर्षं सोलापूर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तरी शहर चाललंच. सगळे नगरसेवक सारखेच. लेख लांबलचक आणि वाचायला जड आहे. पाणी पाच दिवसांआड येतं, त्यावर लिहा. आणि शेवटी, 'घरबसल्या शहाणपण शिकवणाऱ्या हौशी लोकांनी' गरिबांच्या नावानं कागद काळे करू नयेत, लेख काढून टाकावा.

आधी भाषेबद्दल बोलतो. मतभेदाला माझी कधीच हरकत नसते, पण 'हौशी' हा शब्द मला लागला. माझं लहानपण पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत गेलं. नोकरी एका नगरपालिकेत झाली, तीही सदस्यांच्या प्रश्नांची उत्तरं जिथं तयार होतात त्या टेबलावर. ढोबळ प्रश्नाचं उत्तर किती पटकन लिहून होतं आणि नेमक्या प्रश्नासाठी खात्याला किती फायली काढाव्या लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. तुम्ही मला ओळखत नाही, तरी थेट माझ्या हेतूवर घसरलात. ज्यांचा तुम्हाला कळवळा आहे त्यांच्यासाठीच मीही लिहितो. मग हा सूर कशाला?

एक गोष्ट मान्य करतो. लेख लांब होता आणि मधला नियमांचा भाग मोबाईलवर वाचायला जड जातो. तेवढं तुमचं बरोबर आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य. 'प्रश्न विचारून कुणाला छप्पर मिळालंय?' सभागृहात प्रश्न आला आणि दुसऱ्या दिवशी किल्ली हातात पडली, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. प्रश्नातून मिळतं ते आयुक्तांच्या वतीनं आलेलं, इतिवृत्तात नोंदलं गेलेलं उत्तर. एकदा आकडा लेखी आला की तो पुढच्या अंदाजपत्रकात, न्यायालयात, वर्तमानपत्रात, मोर्चातल्या भाषणातही वापरता येतो. 'काहीच होत नाही' म्हणणाऱ्याच्या हातात असलं काही नसतं. 'अमुक तारखेला तुम्हीच हा आकडा दिला होता' असं म्हणणाऱ्याला अधिकाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं.

पण त्यासाठी प्रश्न नीट लिहावा लागतो. महापालिका अधिनियमानं नगरसेवकाला कारभाराबद्दल आयुक्तांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. प्रश्न नगरसचिवांकडे, म्हणजे सभेचं कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी द्यायचा असतो, सभेच्या आधी पूर्ण सात दिवस. त्यात युक्तिवाद, टोमणा, आरोप, बदनामी चालत नाही. 'तुमचं मत काय' किंवा 'असं झालं तर काय कराल' असंही विचारता येत नाही. तुमची प्रतिक्रिया आहे तशी नगरसचिवांकडे दिली असती तर नेमक्या याच कारणांनी परत आली असती. हे मी टोचून बोलत नाही. कित्येक चांगले विषय याच पायरीवर मरतात. नगरसेवक रागानं लिहितो, प्रश्न अमान्य होतो, मग तो सभेत उभा राहून ओरडतो, गोंधळ होतो, सभा तहकूब होते आणि रात्री स्टेशनबाहेर झोपणारा माणूस कुठल्याच कागदावर येत नाही.

बेघरांचंच उदाहरण घेऊ. 'शहरातील बेघरांसाठी प्रशासनाने कोणती उपाययोजना केली?' असा प्रश्न दिला तर उत्तर ठरलेलं असतं : 'शासन निर्देशानुसार आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे.' ते खोटं नसतं, म्हणूनच त्याला धरता येत नाही.

आता निकष बघा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या शहरी बेघर निवारा योजनेत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायम सोय सांगितली होती (अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली). एकेक निवारा ५० ते १०० जणांचा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा, आणि निवारा बाराही महिने चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. म्हणजे तेव्हाच्या आकड्यावरसुद्धा साडेनऊशे जणांची सोय निकषात बसते. प्रश्नात हे गणित मांडायचं नाही, तो युक्तिवाद ठरेल. प्रश्नात फक्त माहिती मागायची : मागच्या महिन्याच्या अखेरीस महापालिकेचे चालू निवारे किती, प्रत्येकाचा पत्ता, प्रत्येकाचं चटई क्षेत्र चौरस फुटांत, मंजूर क्षमता, महिलांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी जागा आहे का. चटई क्षेत्र विचारायला विसरू नका. क्षमता ५० लिहिली आणि हॉल १२०० चौरस फुटांचा निघाला, तर निकषानं तिथं २४ माणसं मावतात. हे सभेत उपप्रश्न म्हणून विचारायचं, आणि तो उपप्रश्न आधीच लिहून खिशात ठेवायचा.

दुसरी मागणी हजेरीची. मागच्या तीन महिन्यांतली प्रत्येक रात्रीची हजेरी, पुरुष, महिला, मुलं वेगवेगळी. महिन्याची सरासरी घेऊ नका. सरासरीत रिकाम्या रात्रीही बुडतात आणि जागा नाही म्हणून माणसं परत पाठवलेल्या रात्रीही. त्याबरोबर परत पाठवलेल्यांची नोंद ठेवली जाते का, हेही विचारा. नोंद नसेल तर 'नोंद ठेवली जात नाही' हेच लेखी मिळू द्या.

हजेरी कमी दिसली की प्रशासन म्हणतं, मागणीच नाही. इथं नगरसेवकाला विषय माहीत असावा लागतो. निवारा रिकामा राहण्याची कारणं ठरावीक आहेत. तो माणसाच्या कामाच्या जागेपासून लांब असतो. रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, मार्केट यार्ड, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर इथं हमाली, कागद-काच वेचणं, हॉटेलात भांडी घासणं असली कामं मिळतात. पहाटे कामावर पोचायचं असताना तो रिक्षाचं भाडं घालून निवाऱ्यात जाईल का? दुसरं कारण कुटुंब. नवरा एका हॉलमध्ये आणि बायको-मुलं दुसऱ्या निवाऱ्यात म्हटलं की ते फुटपाथवर राहणं पसंत करतात. तिसरं सामान. हातगाडी, पोतं, बोचकं ठेवायला कुलपाची जागा नसेल तर आत झोपणाऱ्याचं सामान बाहेर चोरीला जातं. चौथं कागदपत्रांचं. निवाऱ्याच्या पत्त्यावर आधार आणि रेशन कार्ड काढून देणं हे निवारा चालवणाऱ्यांचं काम आहे, आणि ते होत नसेल तर माणसाला तिथं टिकून राहण्याचं कारण उरत नाही. या चारही गोष्टींवर एकेक साधा प्रश्न होतो. 'मागणी नाही' हे उत्तर मग टिकत नाही.

आणि सर्वेक्षण. बेघरांची मोजणी रात्रीच करावी लागते. २०११ च्या जनगणनेतही बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. दिवसा पथक फिरलं तर हमाल यार्डात असतो, वेचणारी बाई गल्ल्यांत असते, आणि तक्त्यात उरतात फक्त आजारी आणि म्हातारे. उलट जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मोजलं तर यात्रेला आलेले बाहेरगावचे पाळणेवाले, खेळणीवाले त्यात मिसळतात. म्हणून प्रश्नात सर्वेक्षणाची तारीख आणि वेळ दोन्ही मागा. वेळ मागितली की बरंच काही उघडं पडतं.

घरांचंही तसंच. 'घरकुलांचे किती लाभार्थी?' असं विचारलं की एकच मोठा आकडा मिळतो, आणि तो बहुतेक वेळा मंजुरीचा असतो. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला २०१५ च्या योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळत, तेही टप्प्याटप्प्यानं. अर्ज, पात्रता, प्रकल्प अहवालात नाव, मंजुरी, बांधकाम परवाना, पायाचा फोटो जिओ-टॅगसह, छताचा फोटो, शेवटचा हप्ता. प्रत्येक पायरीवरचा आकडा एकाच तारखेचा मागा. दोन पायऱ्यांमध्ये आकडा कोसळतो तिथं अडचण असते.

सोलापुरात हद्दवाढीच्या भागात, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, बाळे इकडं, ही आकडा कोसळण्याची पायरी बहुधा बांधकाम परवान्याची असते. जागा गुंठेवारीची, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेली, खरेदी नोटरीवर, सातबाऱ्यावर मूळ मालकाचं किंवा सामाईक नाव, वडील वारलेत आणि वारसनोंद झालेली नाही. माणूस गरीब आहे, पात्र आहे, मंजूरही आहे, पण परवान्यासाठी लागणारा मालकीचा कागद त्याच्याकडं नाही. अशा वेळी घरकुल विभागाला कितीही झोडपलं तरी उपयोग नाही, कारण फाईल दुसऱ्या टेबलावर अडकलेली असते. प्रश्न असा हवा : मंजूर लाभार्थ्यांपैकी परवाना न मिळालेले किती, त्यातले मालकीच्या कागदाअभावी किती, आणि त्यातल्या किती जागांचे गुंठेवारी नियमितीकरणाचे अर्ज प्रलंबित आहेत? या एका उत्तरातून झोन कार्यालयात शिबिर कुठं लावायचं तेही ठरतं. तुम्ही विचारता छप्पर कसं मिळतं. काही जणांना ते असंच मिळतं, अडकलेला कागद सापडून.

रे नगर. मोर्चांचं श्रेय मी नाकारलेलं नाही आणि कधी नाकारणारही नाही. कामगार नेते नरसय्या आडम (आडम मास्तर) आणि लाल बावट्याखालच्या विडी, यंत्रमाग, असंघटित कामगारांनी आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं मिळवली, मग ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा केला. त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. हे सोलापूरच्या कामगारांचं मोठं काम आहे. पण दोन्ही वसाहती कुंभारीत, दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तिथल्या गटारीचा प्रश्न महापालिकेच्या सभेत विचारला की 'हद्दीबाहेरचा विषय' एवढंच उत्तर येतं. तो ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, म्हाडाकडं किंवा आमदारामार्फत विधानसभेत विचारावा लागतो. महापालिकेला मात्र हे जरूर विचारता येतं : परिवहन उपक्रमाच्या, म्हणजे शहर बसच्या, कुंभारीकडं जाणाऱ्या फेऱ्या किती, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता? कारखाना शहरात आणि घर कुंभारीत असेल तर पाळी सुटल्यावर गाडी नसलेलं घर कामगाराला परवडत नाही. शहरातल्या जुन्या झोपडीत परतण्यामागं हेही एक कारण असतं. मोर्चानं घर मिळवलं. त्या घरात राहता यावं म्हणून गाडीची वेळ विचारावी लागते, आणि ती विचारणं तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल तर आपलं जमणार नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. मार्च २०२२ पासून प्रशासक होते, तरी शहर चाललं, असं तुम्ही म्हणता. त्या काळात सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडं होते. प्रस्ताव त्याचाच, मंजुरीही त्याचीच. कुणी लेखी प्रश्न द्यायचा तो कुणाला? माहिती अधिकारात अर्ज करून तीस दिवस वाट बघणं एवढाच रस्ता उरला होता. हे तुम्हाला चालण्यासारखं वाटत असेल तर तो तुमचा प्रश्न.

पाण्याचं म्हणाल तर उजनी, टाकळी, पाकणी, सोरेगाव ही शहराच्या पाणीपुरवठ्याची ठिकाणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बेघरांवरच्या लेखाखाली 'पाण्यावर लिहा' म्हणणं म्हणजे दोन्ही विषय टाळणं. 'सगळे नगरसेवक सारखेच' या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही.

लेख काढून टाकणार नाही. उलट वर सांगितलेले निवाऱ्याचे आणि घरकुलाचे प्रश्न मी मसुद्याच्या स्वरूपात लेखाच्या शेवटी जोडतो आहे. कुठल्याही पक्षाच्या नगरसेवकानं सही करून द्यावेत, माझं नाव नको. अट एकच, सभेची तारीख कळली की सात दिवस मोजून आधी द्यायचे, आणि नगरसचिव कार्यालयातून पोच, आवक क्रमांकासह घ्यायची. पोच नसेल तर 'प्रश्न मुदतीत आला नाही' असं उत्तर मिळतं आणि ते खोडता येत नाही.

तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा माझा निकष किंवा आकडा चुकीचा असेल तर तो दाखवा, मी तिथल्या तिथं उत्तर देईन. माझ्या हेतूबद्दल लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथं दिसणार नाही.