पावसाळा वगळून

राजापूरहून मामाचा फोन आला की विषय हटकून सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या जांभा दगडाच्या उघड्या पठारावर जातो. "अगं, काय उगवतं तिथं? एप्रिलात अनवाणी चाललीस तर तळपाय भाजतील. कारखाना आला तर चार पोरं तरी मुंबईहून परत येतील." पोरांचा हा मुद्दा मी कधीच उडवून लावत नाही. पोटासाठी मीही आधी गाव सोडलं, मग पुणं, आणि आता नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते आहे. पण "काय उगवतं" या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते देण्याची संधी माझ्याकडे एकदा होती.

शिक्षण संपल्यावरची माझी पहिली नोकरी पर्यावरण आघात मूल्यांकनाचे, म्हणजे प्रकल्पामुळे निसर्गाचं काय होईल याचे अहवाल करणाऱ्या एका कंपनीत होती. कोकणातल्या एका प्रकल्पासाठी आम्ही मार्चमध्ये जांभ्याच्या सड्यावर गेलो, चार दिवस फिरलो आणि तक्त्यात लिहिलं: तुरळक सुकं गवत, काही झुडपं, संवेदनशील प्रजाती नाहीत. ती नोंद माझ्या हातची. मार्चपुरती ती खरीही होती. जुलैत त्याच कातळावर दीपकाडी फुलते, जगात फक्त कोकणच्या पट्ट्यात सापडणारी. श्रावण-भाद्रपदात पाणी धरलेल्या खळग्यांत गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके आणि सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं दिसतात. ही आसवं किडे खाऊन जगतात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत त्यांना पोसण्याइतकं काही नसतं. बेडकांची अंडी, चतुरांच्या अळ्या, सगळं त्या चार महिन्यांतलं. दसरा-दिवाळीनंतर सडा पुन्हा काळा-तपकिरी, आणि सरकारी नकाशात पडीक.

आम्ही मार्चमध्ये गेलो ते आळसानं नव्हे. केंद्राच्या 2006च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेखाली ही मूल्यांकनं ज्या पद्धतीनं होतात, तीत पायाभूत माहिती साधारणपणे एका हंगामाची मागतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. यामागे कारण आहे. पाऊस हवेतली धूळ धुऊन टाकतो, त्यामुळे पावसाळ्यातलं मोजमाप प्रदूषण कमी दाखवतं. हवेसाठी हा विचार अगदी रास्त. पण तीच चौकट सजीवांनाही लावली, की ज्या भूभागाचं सारं आयुष्य पावसाळ्यात घडतं तो कागदावर मेलेला निघतो.

इथं नेदरलँड्समध्ये माझं काम नेमकं उलट्या बाजूनं सुरू होतं. आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांच्या दुहेरी विटांच्या भिंतींमधली पोकळी भरून घरं उबदार करायची होती. त्या पोकळीत छोटी वटवाघळं राहतात आणि युरोपीय कायद्यानं ती संरक्षित आहेत. म्हणून आधी सर्वेक्षण. त्याचा हंगाम पैसे देणारा ठरवत नाही, वटवाघूळ ठरवतं: पिल्लांच्या वसाहती शोधायच्या तर मध्य मे ते मध्य जुलै, जोड्या जमण्याच्या जागा शोधायच्या तर मध्य ऑगस्टपासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जानेवारीत कुणी घाई केली तरी उत्तर एकच, मेपर्यंत थांबा. 2023च्या ऑगस्टमध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं, की भिंतीत कॅमेऱ्याची नळी घालून वरवर पाहिलं एवढं पुरत नाही. आमच्या गल्लीचं काम वर्षभर लांबलं. शेजारच्या आजींनी आणखी एक हिवाळा गॅसचं मोठं बिल भरलं आणि त्याबद्दल मला बरंच सुनावलं. त्यांचा राग मला समजतो. ही किंमत खरी आहे आणि ती बऱ्याचदा साध्या माणसांवर पडते.

डच लोक निसर्गाचे पुजारी आहेत असं चित्र मला रंगवायचं नाही. गुरांच्या शेणमुतातून उडणाऱ्या अमोनियानं त्यांनी आपली माळरानं आणि दलदली पार खचवून टाकल्या आहेत. वर सरकारनं अशी योजना आणली, की अमोनियातून पसरणारा नायट्रोजन पुढे कमी करू, त्या भरवशावर परवाने आजच देऊ. 29 मे 2019ला त्याच न्यायालयानं ती मोडीत काढली: पुढच्या उपायाचा फायदा आधी पक्का दाखवा, मग परवाना द्या. हजारो बांधकामं अडली. सरकारच्याच सांगण्यावरून नुसती नोंद करून धंदा वाढवलेले शेतकरी रातोरात बेकायदा ठरले. ट्रॅक्टर रस्त्यावर आले. आधी परवाना, हिशेब नंतर, याची किंमत या देशानं मोजली आहे आणि अजून मोजतो आहे.

म्हणून गेल्या वर्षीच्या भारतातल्या बातम्या मी जीव मुठीत धरून वाचल्या. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 16 मे 2025ला निकाल दिला, की प्रकल्प आधी सुरू करायचा आणि पर्यावरण मंजुरी मागाहून घ्यायची, हे चालणार नाही. 18 नोव्हेंबरला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला. बहुमताची चिंता होती, की जवळपास 20,000 कोटी रुपयांची सार्वजनिक बांधकामं पाडावी लागतील. ती चिंता पोकळ नाही. तरी मला न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांचं विरोधी मत पटतं, आणि त्याचं कारण माझ्या त्या तक्त्यात आहे. बांधलेल्या इमारतीचं सांडपाणी, धूर, पाणीवापर मागाहूनही मोजता येतो. पण जांभा सुरुंगानं फोडल्यावर तिथं दीपकाडी होती की नव्हती, हे कोण आणि कसं शोधणार? दंड भरून घेता येईल, माहिती परत मिळणार नाही.

त्या वादाच्या गदारोळात आमच्या व्यवसायाला थेट लागू होणारी एक गोष्ट मागे राहिली. ऑगस्ट 2025मध्ये केंद्रानं पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आणले. त्यात नोंदणीकृत खासगी परीक्षक असतील, आणि कुठल्या प्रकल्पाला कोण जाईल हे यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल. परीक्षणाचं खासगीकरण मला काळजीत टाकतं, पण चिठ्ठीची कल्पना फार मोलाची आहे. मार्चमध्ये सड्यावर उभी असताना माझा पगार प्रकल्पवाल्याच्या पैशातून येत होता आणि त्यानं आमची कंपनी स्वतः निवडली होती. "जुलैत पुन्हा यायला हवं" हे वाक्य मी वरिष्ठांसमोर एकदा उच्चारलं, पुन्हा नाही. नेदरलँड्समध्येही अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो. मात्र बऱ्याच मोठ्या प्रकल्पांचा अहवाल नंतर एक स्वतंत्र आयोग तपासतो, प्रत्येक वेळी त्या त्या विषयातले बाहेरचे जाणकार बसवतो, आणि काय अपुरं आहे ते सर्वांसमोर प्रसिद्ध करतो. भारतात अहवाल तपासणारी छाननी समिती पर्यावरण मंत्रालयच नेमतं. चिठ्ठीची पद्धत जर कारखाना उभा राहिल्यानंतरच्या परीक्षणाला चालते, तर त्याआधीच्या मूल्यांकनाला का चालू नये? आणि सडे, पठारं, पाणथळ जागा यांच्यासाठी पावसाळ्यातलं सर्वेक्षण सक्तीचं का असू नये? प्रकल्प जास्तीत जास्त एक पावसाळा थांबेल. मामाची चार पोरं एवढं थांबू शकतात.

गेल्या श्रावणात मामानं न मागता एक फोटो पाठवला. सड्यावरचं पाण्याचं डबकं आणि भोवती निळ्या-जांभळ्या फुलांचा पट्टा. खाली एवढंच: "ह्याला काय म्हणतात गं?" मी नाव कळवलं, आणि जागा व तारीख लिहून ठेवायला सांगितलं. रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगडच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांनाही मला तेच सांगायचं आहे. जुलै ते सप्टेंबर, दर पंधरवड्याला एक फेरी. फोटो, तारीख, नकाशावरचा बिंदू. प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते आणि लेखी हरकत देता येते. पण नोटीस जर जानेवारीत निघाली, तर त्या 30 दिवसांत सडा कोरडाच असणार. मामाची वही यंदाच्या मृगापासून सुरू होते आहे.