खोटं आणि खोटं-खोटं

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "ताई, आपण चुकतोय का गं?" तिची मुलगी चार वर्षांची. माझ्याकडे राहायला आली की आमचा निम्मा दिवस चित्रांच्या पुस्तकांत जातो, म्हणून प्रश्न मला.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: सहा वर्षांपर्यंत मुलांना काल्पनिक पुस्तकं देऊ नका, हे माँटेसरीबाईंनीच सांगून ठेवलंय. या वयात खरं-खोटं कळत नाही. बोलणाऱ्या प्राण्यांमुळे विज्ञान कच्चं राहतं. चित्रांमुळे कल्पनाशक्ती आळशी होते. आणि तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तेवढ्या वेळात अक्षरं गिरवून घ्या. 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा' हे ओघाने आलंच.

आधी माँटेसरीबाई. त्यांना लहान मुलांसाठीच्या परीकथांचं वावडं होतं, हे खरं आहे. १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं आणि तिथे मुलांच्या हाती खऱ्या वस्तू दिल्या. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल त्या म्हणत, की त्याच्याकडे खरा घोडा नाही म्हणून तो काठीवर बसतो. इथे माझं बाईंशी जमत नाही. आमच्याकडे तीन चाकी सायकल असूनही लाटण्याचा घोडा होतोच. पण त्यांचा मूळ राग कशावर होता तेही बघा. मोठ्यांनी काहीतरी रचायचं, मुलाने त्यावर विश्वास ठेवायचा, आणि त्या भाबडेपणाला आपण 'कल्पनाशक्ती' म्हणायचं, यावर. म्हणजे आक्षेप फसवण्यावर होता. सहा वर्षांपुढच्या शिक्षणात तर त्यांनी कल्पनाशक्तीला मानाचं पान दिलं.

शिवाय बाईंची पद्धत आपल्याकडे रुजवणाऱ्यांनी काय केलं? गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं ते माँटेसरी विचारानेच. पण गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. उलट लोककथा जमवल्या, गोष्ट कशी सांगावी यावर लिहिलं, आणि त्यांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक बेशिस्त वर्गाला गोष्टीनेच जिंकतो. आपल्या ताराबाई मोडक याच गिजुभाईंच्या सहकारी. 'माँटेसरी म्हणाल्या' एवढ्यावर ज्यांचं पोट भरतं, त्यांनी ही पुढची पानंही वाचावीत.

आता मुख्य आरोप: मुलांना खरं-खोटं कळत नाही. मला वाटतं, याचं उत्तर मराठीने केव्हाच देऊन ठेवलंय. आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'खोटं' आणि 'खोटं-खोटं'. भातुकलीत भाची मला रिकाम्या वाटीतून भात वाढते. एकदा मी मुद्दाम वाटी खरोखर तोंडात धरली, तर म्हणाली, "मावशी, अगं खोटं-खोटं!" आणि कपाळावर हात मारला. दीड-दोन वर्षांपासून मुलं असला खेळ खेळू लागतात. कपातला नसलेला चहा 'सांडला' तर फडकं आणून पुसतात, पण फडकं ओलं होईल अशी अपेक्षा त्यांना नसते. म्हणजे दोन्ही जगं डोक्यात एकाच वेळी चालू असतात, आणि बहुतेकदा सरमिसळ होत नाही. बहुतेकदा, कारण भीतीचं गणित वेगळं असतं. राक्षस चित्रातला आहे हे ठाऊक असूनही भाची ते एक पान माझ्याकडून उलटवून घेते. भुताचा सिनेमा बघून झाल्यावर रात्री मागच्या अंगणात एकटं जायला मलाही नको वाटतं, तेव्हा तिला काय बोलू?

कावळ्याचं घर शेणाचं आणि दुसऱ्या पक्ष्याचं मेणाचं, ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रातही आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे, एवढंच. इतक्या पिढ्या ही गोष्ट ऐकत वाढल्या, पण मेणाचं घर बांधायला निघालेला मराठी माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुलांना खरोखर फसवतं ते वेगळंच. "जेवली नाहीस तर बागुलबुवा येईल" हे आपण गंभीर चेहऱ्याने सांगतो. ते खोटं. पुस्तकातला बागुलबुवा मांडीवर बसून, दोघींनी मिळून बघायचा असतो. तो खोटा-खोटा. बंदी घालायचीच तर पहिल्यावर घाला.

बोलणाऱ्या प्राण्यांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी अनोळखी प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली. जिथे प्राणी माणसांसारखे बोलत, विचार करत, तिथे मुलांनी त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी उचलली आणि माणसांचे गुण त्याला जास्त चिकटवले. परिणाम मुख्यतः भाषेचा होता, कपडे घातलेल्या चित्रांचा तितका नाही. तेव्हा पाणघोडा काय खातो हे शिकवायचं असेल, तर पाणघोड्याचं खरं पुस्तक आणा, टोपीवाल्या पाणघोड्याचं नको. मान्य. पण म्हणून टोपीवाला हद्दपार का? तो पाणघोडा शिकवायला आलेलाच नाही. घरात तवा आहे म्हणून कढई कोणी टाकून देत नाही.

चित्रांमुळे कल्पनाशक्ती आळशी होते, हे लिहिणाऱ्याने मुलाशेजारी बसून पुस्तक वाचलेलं नसावं. वाचून दाखवताना मुलांची नजर कुठे असते, हे डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिलं गेलंय. अक्षरांवर ती जवळजवळ नसतेच, चित्रावर असते. आपण ओळी वाचत असतो, तेवढ्यात पोर सगळं चित्र पालथं घालतं. चांगला चित्रकार याचा फायदा घेतो. मजकूर म्हणतो, 'घरात कोणीच नव्हतं', आणि चित्रात पलंगाखाली शेपटीचं टोक दिसतं. मी आपली भोळसटासारखी वाचत जाते, आणि भाची ओरडते, "आहे! आहे! तिकडे बघ!" मग शेपटी कोणाची, तो का लपला, आई ओरडली असेल का, हे सगळं तीच सांगते. पान उलटायला दहा मिनिटं लागतात. कधी कधी पुस्तक संपतच नाही. यात आळशी कोण असेल तर मी.

अक्षरं गिरवण्याबद्दल एवढंच, की अक्षरांच्या आधी शब्द लागतात. आणि रोजच्या 'चल, जेव, चप्पल घाल'मध्ये जे शब्द येत नाहीत, ते पुस्तकात येतात. तेच पुस्तक पुन्हा वाचण्याबद्दल म्हणाल, तर तीन वर्षांच्या मुलांवर २०११ मध्ये झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांनी नवे शब्द अधिक चांगले लक्षात ठेवले. दरवेळी नवी गोष्ट ऐकणारे मागे पडले. विसाव्यांदा वाचताना आपला जीव जातो, हे खरं. पण तो आपला प्रश्न.

ग्रुपवर एका काकांनी पुस्तकांची बाजू घेतली: "प्राण्यांच्या गोष्टींतून संस्कार होतात!" त्यांनाही उत्तर द्यायला हवं, कारण ही बाजूही लंगडी आहे. टोरांटोच्याच २०१७ च्या अभ्यासात वाटून घेण्याची गोष्ट मुलांना सांगितली. माणसं असलेली गोष्ट ऐकणाऱ्यांनी नंतर जास्त स्टिकर वाटले, माणसांसारखे वागणारे प्राणी असलेली ऐकणाऱ्यांनी नाही. काकांना मी हे कळवलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी संस्कारांसाठी वाचतच नाही. माझा राग शेवटच्या पानावरच्या 'तात्पर्य' नावाच्या चौकटीवर आहे. दोन पुस्तकांत ती चौकट मी रंगीत कागद चिकटवून झाकून टाकली. भाचीला आता गोष्टीपेक्षा त्या कागदाची ओढ आहे. खाली उंदीर झोपलाय, म्हणून तो काढायचा नाही, असं तिने मला बजावलंय. त्या पानाशी आलो की आम्ही दोघी हळू आवाजात बोलतो.