मजकूर : ५ गुण

वेब डिझाइनच्या पहिल्याच तासाला मॅडमनी गुणांचा तक्ता हातात दिला. कोड वैध असणे २०, मांडणी २०, मोबाइलवर नीट दिसणे २०, सुलभता १५, फायलींची नावे व फोल्डर १०, वेळेत सादर करणे १०. सगळ्यात खाली, कागद उरला होता म्हणून लिहावं तसं, मजकूर ५. वर्ग पत्रकारितेचा होता. बातमीपेक्षा बातमीच्या फाइलचं नाव दुप्पट मोलाचं, हे आधी कळलं असतं तर प्रवेश परीक्षेच्या निबंधात एवढा जीव ओतला नसता.

नावांची थट्टा मात्र फार दिवस टिकली नाही. आमची रीत म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’. त्यात फोटोच्या नावात एक अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये तेच स्मॉल. विंडोजला एरवी हा भेद दिसत नाही. लिनक्सवरच्या सर्व्हरला नेमका तोच दिसतो. घरी झळकणारा फोटो तपासणीच्या वेळी गायब.

‘मॅडम, माझ्या लॅपटॉपवर दिसतोय!’

‘मग वाचकांना तुझ्या घरी बोलाव.’

उपसंपादक चूक सापडली की ओरडतो तरी. ब्राउझर ओरडत नाही. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसची ओळ कळली नाही की तो ती निमूट सोडून पुढे जातो, आणि अर्धविराम राहिला असेल तर सोबत पुढचीही गिळतो. मथळा लाल का होईना, याचा तपास करत तुम्ही रात्र जागवता. याच्या अगदी उलट तो कोड तपासणारा व्हॅलिडेटर. कोडमधली एक खूण, म्हणजे टॅग, बंद करायची राहिली की खालच्या निष्पाप ओळींनाही तो थेट आरोपी ठरवतो. ‘कथित’ वगैरे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

खरं तर वेबचं सुरुवातीला बरं चाललं होतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत उभारलेलं, १९९१ साली जगासाठी खुलं झालेलं पहिलं संकेतस्थळ म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे. सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस आली १९९६ मध्ये. मधला काळ लिहिणाऱ्यांचं सुवर्णयुग असणार. आम्ही तेव्हा जन्मलोच नव्हतो. आमच्या वाट्याला हेक्स कोडचे, म्हणजे आकडे-अक्षरांनी लिहायचे, १,६७,७७,२१६ रंग आले, आणि त्यांतून अख्ख्या वर्गाने गंभीर दिसणारा एकच निळा उचलला. अपवाद एक. त्याने पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं टाकली, ‘मिनिमल’ म्हणून. साध्या मजकुराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, हा नियमही त्याने बहुधा त्याच रंगात वाचला असावा.

सुलभतेच्या गुणांवर माझा राग नाही. ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी त्याचं वर्णन कोडमध्ये लिहायचं असतं, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. अख्ख्या तक्त्यात आमच्या हातखंड्याचं काम हे एवढंच. शब्दांवर पोट भरायला निघालेल्या आम्ही बहुतेकांनी तिथे लिहिलं, ‘फोटो’. मॅडमनी चष्मा काढला. ‘कोण, काय, कुठे, कधी... हे काय फक्त पेपरात लिहायला पाठ केलं होतं?’

राहिले मजकुराचे ५. ते देण्यात मॅडम वेळ घालवत नाहीत. वर्गमित्रांनी एकमेकांना द्यायचे. मी वाचनालयातल्या बंद पडलेल्या संगणकांवर माणसांना भेटून, कागद मागवून चांगली बातमी केली होती. शेजारच्याने मांडणी बघण्यापुरता भरलेला ‘लोरेम इप्सम’ काढायचाच राहिला. हा मजकूर म्हणजे प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या लॅटिन गद्याचे मोडतोड केलेले तुकडे, ज्यांना धड अर्थही उरलेला नाही. मला ३ मिळाले. सिसेरोला ४, आणि वर शेरा : ‘भाषा ओघवती. मथळ्याशी संबंध आणखी स्पष्ट हवा.’